पसंतीचा रकाना

गुरुवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी अकरा अर्ज एका जाड पिवळ्या पाकिटात गेले. मदरनी पाकिटाच्या तोंडाला डिंक लावला, वर संस्थेचा शिक्का मारला आणि ते ड्रायव्हरच्या हातात दिलं. एकही अर्ज त्यांनी वाचला नव्हता.

संस्था एकशे चौदा वर्षांची. कधीकाळी तिची तेवीस घरं होती: शाळा, दवाखाने, दोन अनाथालयं. आता एकच घर उरलं होतं आणि त्यात अकरा सिस्टर. सगळ्यांत धाकटी एकोणसाठ वर्षांची, सगळ्यांत थोरली एक्क्याण्णवची. व्रत घ्यायला शेवटची मुलगी आली त्याला सव्वीस वर्षं झाली होती, आणि तीही दीड वर्षात परत गेली. संस्था विसर्जित करून एका मोठ्या संस्थेत विलीन करावी, असा ठराव वसंतात झाला. अकरा मतं बाजूने, विरोधात शून्य. धर्मपीठाची मंजुरी आली तेव्हा कुणी रडलं नाही. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या सिस्टर तेवढ्या म्हणाल्या, "मढ्याला विचारून पुरल्यासारखं झालं."

अर्जांची कल्पना मदरची होती. मोठ्या संस्थेचं म्हणणं साधं होतं: तुम्ही आमच्यात आलात की तुम्ही आमच्या, जिथे पाठवू तिथे जायचं. मदर त्यावर चार महिने भांडल्या. "या बायका जन्मभर पाठवल्या तिथे गेल्या. एकदा तरी त्यांना विचारा," असं त्यांनी तीन बैठकांत सांगितलं आणि दोन पत्रांत लिहिलं. शेवटी करारात सातवं कलम आलं. प्रत्येक सिस्टरने उरलेलं आयुष्य कुठे काढायला आवडेल ते स्वतःच्या हाताने लिहावं. जागा असेल तर तसंच केलं जाईल. कुणी कुणाला काय लिहायचं ते सांगू नये. अर्ज मदरनी वाचू नयेत आणि नंतरही ते कुणाला दाखवू नयेत.

शेवटची दोन वाक्यंही मदरनीच घालून घेतली होती. उद्या कुणी म्हणायला नको की मदरनी बायकांवर दडपण आणलं.

बुधवारी संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना सभागृहात बसवलं, कलम वाचलं आणि अर्ज वाटले. "प्रत्येकीने मनातलं लिहावं. मोकळेपणाने लिहावं," त्या म्हणाल्या. एकोणीस वर्षं त्या ज्या आवाजात बदल्या, उपास आणि सफाईच्या पाळ्या जाहीर करत आल्या, तोच आवाज. कुणीही प्रश्न विचारला नाही. त्या घरात प्रश्न विचारायची पद्धत नव्हती. सात मिनिटांत सभा संपली.

उत्तर अकरा दिवसांनी आलं, सोमवारी अकरा वाजता. मोठ्या संस्थेच्या सचिव सिस्टर स्वतः घेऊन आल्या. वय चौरेचाळीस, पायात कॅनव्हासचे बूट, काखेत लॅपटॉप. त्या आठवडाभर राहून घरातल्या सामानाची यादी करणार होत्या. यायच्या आधीच, कुणी कुठे जायचं त्या यादीची प्रत त्यांनी ड्रायव्हरकडे दिली होती आणि ड्रायव्हरने ती जेवणघरातल्या फळ्यावर टाचणीने लावली. मदरच्या हातात कागद पडायच्या आधी दहाही जणींनी तो वाचला होता.

तळमजल्यावरच्या सात खोल्या म्हाताऱ्या सिस्टरांसाठी राहणार होत्या, वरचे दोन मजले नर्सिंगच्या मुलींचं वसतिगृह होणार होतं. सातपैकी एक खोली भरली होती. तिच्यासमोर मदरचं नाव होतं.

बाकीच्या दहा जणी आठ ठिकाणी पांगल्या होत्या. एक्क्याण्णव वर्षांच्या सिस्टर, ज्यांचे उजवा हात आणि पाय चार वर्षांपासून हलत नव्हते, त्यांना सहाशे किलोमीटरवरच्या शुश्रूषागृहात जागा मिळाली होती. त्यांना रोज आंघोळ घालणाऱ्या नर्स सिस्टर विरुद्ध दिशेला. कपडे धुण्या-इस्त्रीचं काम पाहणाऱ्या सिस्टर, ज्यांना घरात सगळ्या इस्त्रीवाल्या म्हणत, त्या समुद्रकाठच्या एका गावी, जिथली भाषाही त्यांना येत नव्हती. इस्त्रीवाल्या मदरच्या सख्ख्या धाकट्या बहीण होत्या.

स्वयंपाकघरवाल्या सिस्टर फळ्यासमोर हात पुसत उभ्या होत्या. मदर आत आल्या तेव्हा त्या वळल्यासुद्धा नाहीत. "कप्तान गलबतावर राहणार म्हणे," त्या शेजारणीला म्हणाल्या, "आणि बाकीच्यांनी पोहत जायचं."

कुणी हसलं नाही. मदरनी यादी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली आणि त्या ऑफिसात गेल्या.

"ही चूक आहे," त्या सचिवांना म्हणाल्या.

"कुठली, मदर?"

"सगळीच. मी हे लिहिलं नव्हतं."

सचिवांनी पिवळं पाकीट उघडून अकरा अर्ज टेबलावर पत्त्यांसारखे मांडले. "आता ते आमचे कागद आहेत, दाखवायला हरकत नाही. पण या खोलीबाहेर तुम्ही काही बोलायचं नाही. कलम तुमचंच आहे."

पहिल्या अर्जावर पसंतीच्या रकान्यात लिहिलं होतं: 'वरिष्ठांची इच्छा तीच माझी इच्छा.' दुसऱ्यावर: 'जिथे पाठवाल तिथे.' तिसऱ्यावर पुन्हा पहिलंच वाक्य. पाचवा अर्ज एक्क्याण्णवच्या सिस्टरांचा, अक्षर नर्स सिस्टरांचं, खाली अंगठा: 'माझी काही पसंती नाही.' दहा अर्जांवर दहा वेळा तेच. स्वयंपाकघरवाल्यांच्या अर्जावर सुद्धा, ज्यांची जीभ एरवी कुणाला आवरत नसे.

अकरावा अर्ज मदरचा होता. 'याच घरात, बाकीच्या दहा जणींबरोबर.'

"पहिला भाग आम्हाला जमला," सचिव म्हणाल्या. "दुसरा भाग त्या दहा जणींनी म्हणायला हवा होता. कुणीच म्हटलं नाही. मग जिथे हात हवे होते तिथे आम्ही हात पाठवले, जिथे खाट मोकळी होती तिथे आजारी. मदर, खरं सांगू? आमच्याकडे लोक अर्जाला पुरवणी जोडतात. खिडकी पूर्वेला हवी, शेजारीण घोरणारी नको. तुमच्या सिस्टर इतक्या निरिच्छ आहेत हे बघून आमच्या मदर जनरल भारावून गेल्या."

हे वाक्य त्या बायकांच्या हातात कुठून आलं, हे मदरना कुणी सांगायची गरज नव्हती.

एकोणीस वर्षांपूर्वी, मदर म्हणून निवडून आल्यावर तिसऱ्या आठवड्यात, त्यांनी असंच सगळ्यांना सभागृहात बसवलं होतं. तेव्हा घरं सहा होती, सिस्टर एकोणसत्तर. दर वर्षी बदलीचं पाकीट जेवणाच्या ताटाखाली ठेवायची रीत होती. ताट उचलायचं, पाकीट फोडायचं, वाचायचं, उभं राहून 'देवाचे आभार' म्हणायचं आणि जेवायला बसायचं. नव्या मदर म्हणाल्या, या वर्षी पाकिटं लिहायच्या आधी मला तुमचं मन जाणून घ्यायचंय. मोकळेपणाने सांगा. बागेचं काम करणाऱ्या सिस्टर तेवढ्या उभ्या राहिल्या. मला इथेच राहायला आवडेल, त्या म्हणाल्या, मी लावलेली झाडं आता कुठे धरायला लागली आहेत.

आठ दिवसांनी त्यांच्या ताटाखाली पाकीट होतं. भर शहरातलं वसतिगृह, चौथा मजला, माती म्हणून कुंडीतसुद्धा नाही. आसक्ती हा संन्यासाला लागलेला गंज आहे आणि तो वेळीच खरवडला पाहिजे, असं मदरनी त्यानंतरच्या प्रवचनात सांगितलं. त्या स्वतः ते मनापासून मानत होत्या. बागेच्या सिस्टर सहा वर्षांनी त्याच चौथ्या मजल्यावर वारल्या. त्यांच्याबद्दल घरात पुन्हा कुणी अवाक्षर काढलं नाही, आणि मदर आजवर ते विसरूनच गेल्या होत्या. बाकीच्या विसरल्या नव्हत्या. 'मोकळेपणाने' हा शब्द ऐकला की काय करायचं असतं, ते त्या दिवसापासून सगळ्यांना पाठ होतं.

"आता काय करता येईल?" मदरनी विचारलं.

"सहा खोल्या अजून रिकाम्या आहेत. आमच्या बारा जणी रांगेत आहेत, पण मी त्यांना शुक्रवारपर्यंत थांबवते. शुक्रवारी दुपारी बाराच्या आत जिचं स्वतःच्या हातचं, लिहिता येत नसेल तर अंगठा उठवलेलं, पत्र माझ्याकडे येईल, तिचा विचार आधी. पण कारण लिहायला हवं. 'मला इथे राहायचंय' एवढं तरी."

"माझी खोली मी सोडते. माझ्या बहिणीला द्या."

"तुमची खोली तुमच्या अर्जावर आहे. तुम्ही सोडलीत तर ती रांगेतल्या पहिल्या बाईला जाईल. बहिणीने काहीच मागितलेलं नाही, मदर. न मागितलेलं मी कसं देऊ?"

त्याच संध्याकाळी मदरनी सगळ्यांना पुन्हा बोलावलं. या वेळी त्या उभ्या राहिल्या नाहीत, खुर्ची ओढून गोलात बसल्या. त्यामुळे सगळ्या आणखीच अवघडल्या.

"शुक्रवारी बारापर्यंत पत्र द्यायचंय," त्या म्हणाल्या. "इथे राहायचं असेल तर तसं लिहा. ही आज्ञा नाही."

"मग काय आहे?" स्वयंपाकघरवाल्यांनी विचारलं.

"विनंती."

"तुम्ही कधी विनंती केल्याचं आठवत नाही, म्हणून विचारलं."

"खोल्या सहा आहेत," नर्स सिस्टर म्हणाल्या. "आम्ही दहा. सगळ्यांनी लिहिलं तर चौघींना कोण काढणार?"

"सचिव ठरवतील."

"म्हणजे आम्ही एकमेकींच्या विरुद्ध अर्ज करायचे. छान. आयुष्यभर एका ताटात जेवलो, आता ताट ओढायचं."

"मी माझ्या अर्जात तुम्हा सगळ्यांबद्दल लिहिलं होतं," मदर म्हणाल्या.

"दाखवा," स्वयंपाकघरवाल्या म्हणाल्या.

मदरना ते दाखवता येत नव्हतं. नियम त्यांनीच घालून घेतला होता, आणि आपला नियम मोडायची त्यांना सवय नव्हती. त्या गप्प बसल्या. त्या गप्पपणाचा अर्थ दहा जणींनी आपापल्या परीने लावला, आणि सगळ्यांचा अर्थ जवळपास एकच निघाला. सभा वीस मिनिटं चालली. त्या घरातली ती सगळ्यांत लांब सभा होती.

मंगळवारी दोन पत्रं आली. पहिलं एक्क्याण्णवच्या सिस्टरांचं. त्यांनी नर्स सिस्टरांना पेन धरायला लावलं आणि ठणकावून सांगितलं, "लिही, म्हातारी मरायला टेकली आहे, गाडीत मेली तर तुमची बदनामी." दुसरं नर्स सिस्टरांचं, एका ओळीचं: पहिलं पत्र जिचं आहे तिला आंघोळ घालायला मी लागते. बुधवारी आणखी एक आलं. स्वयंपाकघरवाल्यांनी स्वतः नेऊन दिलं आणि सचिवांना सांगितलं, "मदरना सांगू नका. त्यांना वाटेल त्यांच्या बोलण्याने दिलं."

इस्त्रीवाल्यांचं पत्र आलं नाही. बुधवारी दुपारी दोन वाजता मदर धुण्याच्या खोलीत गेल्या.

खोली मागच्या अंगाला होती. दोन मोठी मशीन, एक बंद पडलेलं, भिंतीला लावलेल्या तारा आणि मधोमध लांब टेबल, त्यावर जाड कांबळं. इस्त्रीवाल्या प्रार्थनामंदिरातल्या वेदीवरचं कापड इस्त्री करत होत्या. वय एकाहत्तर, पाठ थोडी वाकलेली, उजव्या मनगटावर जुन्या भाजल्याचे तीन डाग. मदरपेक्षा पाच वर्षांनी लहान. मदरनी संस्थेत पाऊल टाकलं त्याच्या सहाव्या वर्षी त्याही आल्या, कारण घरी ताईशिवाय करमत नव्हतं. ते खरं कारण त्यांनी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. सख्ख्या बहिणींनी एका घरात राहायचं नाही असा नियम होता. बेचाळीस वर्षं दोघी वेगवेगळ्या घरांत राहिल्या. चार वर्षांपूर्वी दुसरं शेवटचं घर बंद झालं, तेव्हा नियम पाळायला घरच उरलं नाही म्हणून त्या इथे आल्या.

"चिमे," मदरनी हाक मारली. हे घरचं नाव होतं.

"काही काम होतं का, मदर?" इस्त्रीवाल्यांनी मान वर न करता विचारलं.

"पत्र दिलं नाहीस."

"नाही दिलं."

"तीनच खोल्या राहिल्यात."

"ज्यांना हव्यात त्यांना मिळोत."

"तुला नको?"

इस्त्रीवाल्यांनी इस्त्री उभी केली. "मला काय हवंय हे मी एकदा लेखी दिलं होतं. तुमच्याच हाताखाली. आईचे शेवटचे दिवस होते तेव्हा. आठ दिवसांची रजा."

मदरना तो अर्ज आठवत होता. त्या वर्षी त्यांनी चार सिस्टरांना अशाच रजा दिल्या होत्या.

"तुला दिली असती तर सगळ्या म्हणाल्या असत्या, बहिणीला दिली."

"म्हणून नाही दिली."

"मीही गेले नाही, चिमे."

"हो ना. दोघीही गेलो नाही. आई शेजारणीच्या हातात गेली आणि शेजारीण मला पत्रात विचारते, तुमच्यात काय भांडण झालंय का गं आईशी?" त्यांनी कापडाची घडी घातली, कडा जुळवली, पुन्हा उलगडली. "तू गेली नाहीस हे मला सांगू नको, ताई. तो तुझा उपास होता. माझ्या ताटातलं तू काढून घेतलंस आणि म्हणालीस, बघ, मीही जेवले नाही."

संस्थेत आल्यापासून त्यांनी मोठ्या बहिणीला ताई म्हटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

"चुकलं माझं," मदर म्हणाल्या.

"बरं."

"आता तरी लिही. एक ओळ. मी पाया पडते तुझ्या."

"आता कशाला? तू एकटी पडशील म्हणून?"

मदर म्हणाल्या, "हो."

"हे तरी खरं बोललीस." इस्त्रीवाल्या हसल्या, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "मग तुझी खोली सोड आणि चल माझ्याबरोबर समुद्रकाठी."

"सोडायला गेले होते. त्या म्हणतात, तुला मिळणार नाही, रांगेतलीला मिळेल. मी तरीही सोडते. मला कुठे पाठवतील ते त्यांच्या हातात."

"अजिबात नको. तू खोली सोडलीस तर सगळ्या तुला संत म्हणतील. तेवढं आता माझ्याच्याने बघवणार नाही." त्यांनी इस्त्री पुन्हा हातात घेतली. "बाजूला हो, वाफ लागेल."

मदर अजून काही वेळ तिथे उभ्या होत्या. इस्त्रीवाल्यांनी चार कापडं संपवली. मग मदर गेल्या.

गुरुवारी दोन पत्रं आली. शिवणकामाच्या सिस्टरांनी दिलं, तसंच घरातल्या सगळ्यांत धाकट्या सिस्टरांनी. म्हणजे पाच झाली, खोली एक उरली. उरलेल्या पाच जणींपैकी तिघींनी सामान बांधायला घेतलं होतं. त्यांतल्या एकीने सांगितलं, वीटच व्हायचं तर कुठल्या भिंतीत बसवताय याची चौकशी कशाला. चौथीने सचिवांना तोंडी सांगितलं की मला इथे राहायचंय, पण लिहून देणार नाही, कारण लिहिलेलं नंतर आपल्यावरच उलटतं. सचिवांनी समजावून पाहिलं. तिने ऐकलं नाही.

गुरुवारी संध्याकाळच्या प्रार्थनेला मदर आल्या नाहीत. एकोणीस वर्षांत असं दोनदाच झालं होतं, दोन्ही वेळा न्यूमोनिया होता. त्या या वेळी ऑफिसात बसून पत्र लिहीत होत्या. ते त्यांनी बहिणीच्या वतीने लिहिलं, वाचलं आणि फाडलं. सचिवांनी ते दारातून पाहिलं. "दुसऱ्याच्या हातचं मला चालणार नव्हतंच," त्या नंतर म्हणाल्या. "पण त्या चार वेळा लिहून चार वेळा फाडत होत्या."

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता इस्त्रीवाल्यांनी बंद पडलेल्या मशीनवर चादर घातली, हात धुतले आणि त्या जिना चढून ऑफिसात गेल्या. मदर तेव्हा जेवणघरात होत्या. तिथून ऑफिसचं दार दिसतं. दार बंद झालं. अकरा वाजून नऊ मिनिटांनी उघडलं. इस्त्रीवाल्या बाहेर आल्या आणि मदरकडे न बघता खाली गेल्या.

"त्यांनी पत्र दिलं का?" मदरनी सचिवांना विचारलं.

"पाकीट दिलंय. बंद. बाराच्या आधी उघडू नका म्हणाल्या."

"खोलीसाठी आहे?"

"मला माहीत नाही, मदर. खोलीसाठी असेल, नसेलही. मीही विचारलं. त्या म्हणाल्या, माझ्या हातचं आहे, एवढं तुम्हाला पुरे."

बारा वाजता प्रार्थनेची घंटा झाली. सचिव मंदिरात गेल्या नाहीत. पाकीट घेऊन त्या मोटारीत बसल्या, कारण दोन वाजता मुख्यालयात बैठक होती आणि पत्रं तिथेच उघडली जाणार होती. मोटार बारा वाजून दहा मिनिटांनी फाटकाबाहेर पडली.

साडेचार वाजेपर्यंत मुख्यालयातून फोन आलेला नव्हता. इस्त्रीवाल्यांची बॅग धुण्याच्या खोलीच्या दाराशी होती. ती भरलेली होती की रिकामी, हे मदरनी दुरून दोनदा पाहिलं, पण उचलून पाहिलं नाही.